वरोऱ्याजवळ पाच दिवस आणि बरंचसं शेण

आधीच सांगून टाकते, टी-रेक्सचा दात मिळालेला नाही. भाच्याला (वय नऊ, डायनासोरची नावं तोंडपाठ, पाढे नाहीत) तो आणायचं कबूल करून मी पुण्याहून डायनासोरचे अवशेष शोधायला चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याकडे निघाले होते, आणि सरांना फोनवर हे सांगितलं तर ते म्हणाले की टी-रेक्स अमेरिकेत, आपला मांसाहारी म्हणजे गुजरातेतल्या रहियोलीचा राजासॉरस, 2003 साली नाव मिळालेला, आणि आपण जिथं जातोय तिथं तोही भेटेल या आशेवर येऊ नकोस.

सर म्हणजे मैत्रिणीचे काका. आयुष्यभर भूविज्ञान केलं, रिटायर झाले तरी दर हिवाळ्यात दोन-तीन विद्यार्थी घेऊन फील्डवर जातातच. मी आयटीवाली, दगडातलं मला शून्य कळतं, पण "एक हमाल कमी पडतोय" असं ऐकलं आणि सुट्टी टाकली. सामानाची यादी आली, त्यात जुने टूथब्रश, रद्दी पेपर, टोपी आणि टॉयलेट पेपरचे बारा रोल. बारा! पाच दिवसांत बारा रोल कशाला लागणार हे विचारायची हिंमत झाली नाही, नुसती जुलाब थांबवायची गोळी पर्समधे टाकली.

दिवस पहिला

पहाटे नागपूर. तर्री पोहे खाल्ल्याशिवाय गाडी हलणार नाही असा ड्रायव्हरदादांचा नियम, आणि तो योग्यच आहे. मग बुटीबोरी, जांब, वरोरा असा चंद्रपूरचा रस्ता. डिसेंबर असल्यामुळे दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, तूर उभी.

बुटीबोरीजवळ टाकळघाटची पाटी दिसली तशी सरांनी गाडी स्लो करायला लावली. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना माहीत असतं पण हिस्लॉप कोण ते कुणी विचारत नाही (मीही नाही). स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी, 1845 मधे नागपुरात आला, धर्माचं काम करता करता दगड, शिंपले, झाडांचे ठसे असलं काय काय गोळा करायचं वेड लागलं. आपण निघालो होतो त्या वरोऱ्याजवळच्या पिसदुरा गावची हाडं जगापुढं आणणाऱ्यांत तो पहिला. 1863 साली टाकळघाटला प्राचीन शिळावर्तुळांचं खोदकाम बघायला गेला आणि संध्याकाळी घोड्यावरून परत येताना भरलेल्या नाल्यात बुडून गेला. सर एवढं सांगून गप्प झाले, मग म्हणाले, "म्हणून फील्डवर नाला भरला असेल तर आपण थांबतो." ही त्यांची सेफ्टी ट्रेनिंग.

वरोऱ्यात लॉजवर सामान टाकलं, वडाभात खाल्ला, दुपारी थेट पिसदुरा. आता माझ्या डोक्यात जे चित्र होतं ते म्हणजे मोठा डोंगर, कातळ, त्यात अर्धवट बाहेर आलेला सांगाडा आणि ब्रशने हळूच माती झटकणारी मी. प्रत्यक्षात काय, तर सपाट वावर. काळीभोर कापसाची जमीन आणि मधेच विटकरी लाल मातीचे पट्टे, जणू कुणी वीटभट्टी लावून उठून गेलंय. सर म्हणाले ती लाल हीच आपली. काळी माती ही दख्खनच्या लाव्हाची, बेसॉल्ट झिजून झालेली, आणि हा लाल-हिरवट चिकणमातीचा थर लाव्हाच्या खालचा, लॅमेटा नावाचा (जबलपूरजवळ नर्मदेवर लमेटा घाट आहे, त्यावरून). म्हणजे लाव्हा यायच्या आधी इथं नद्या, डबकी, पूर येणारी सपाट जमीन होती, त्या गाळात जे मेलं ते पुरलं गेलं, मग साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वरून लाव्हाच्या थरावर थर बसले. इथं तो लाव्हा झिजून गेला म्हणून खालचं उघडं पडलंय. तेव्हा भारत आशियाला चिकटलेलाही नव्हता, विषुववृत्ताच्या खाली समुद्रात एकटाच वर सरकत होता.

"मग खोदायचं कुठं?" मी कुदळ शोधत होते.

"खोदायचं नाही. चालायचं."

आणि खरंच, उरलेला दिवस नुसतं मान खाली घालून चाललो. दर पावसाळ्यात माती वाहते, नांगरट होते, नवे तुकडे वर येतात. शेतकरी ते वेचून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, फेकतात कारण वखराला अडकतात. त्यामुळे इथं सगळ्यात चांगलं म्युझियम म्हणजे धुरा. सरांचा हिशोब असा की पाऊस आणि शेतकरी हे दोघं फुकट मजूर, आपण फक्त त्यांच्या मागून जायचं.

हाड कसं ओळखायचं ते पण शिकले. एक म्हणजे तुटलेल्या कडेला बारीक जाळी दिसते, पावासारखी. दुसरं म्हणजे जिभेला लावायचं. हाडात बारीक छिद्रं असतात, ती ओल शोषतात, त्यामुळे तुकडा जिभेला चिकटतो, साधा दगड चिकटत नाही. मी पहिल्या अर्ध्या तासात चाळीसेक दगड चाटले असतील. दोन चिकटले. दोन्ही कासवाच्या पाठीचे तुकडे निघाले, चपटे, बिस्किटासारखे. इथं कासवं भरपूर, एका जातीच्या नावातच "पिसदुरेन्सिस" आहे, आणि 2011 मधे एका भल्यामोठ्या सापाच्या जातीलाही हेच नाव मिळालं. गावातल्या एका पोराला सांगितलं तर तो म्हणाला, "आमचं गाव वरोऱ्याच्या लोकायले माहीत नाही, अन सापाले माहीत हाय."

दिवस दुसरा

सकाळी सहाला थंडी अशी की हातमोजे घालून चहा. नऊपर्यंत स्वेटर कमरेला आणि बारापर्यंत टोपी ओली. विदर्भातला हिवाळा असाच.

आज मला स्वतंत्र पट्टा मिळाला. एका धुऱ्यावर मला एक मस्त गोळा दिसला, लहान वांग्याएवढा, एका टोकाला निमुळता, अंगावर बारीक खाचा. मला वाटलं अंडं! किंवा हाडाचं टोक! लगेच जिभेला लावला. चिकटला नाही. पुन्हा लावला. मग अभिमानाने सरांकडे नेला.

सरांनी भिंगातून बघितला, उलटसुलट केला, आणि विचारलं, "चाटलास?"

"हो, दोनदा."

"शेण आहे ते."

सोबतच्या दोन पीएचडीवाल्या पोरी जमिनीवर बसून हसत होत्या. त्यांना माहीत होतं, त्या मुद्दाम बोलल्या नव्हत्या. पहिल्या फील्डला प्रत्येकाचं हे होतं म्हणे.

तर हो, पिसदुरा जगात ओळखलं जातं ते शेणासाठी. अश्मीभूत विष्ठा, कोप्रोलाइट म्हणतात त्याला. हिस्लॉपच्या काळापासून लोक हे गोळे उचलतायत, 1930 च्या दशकात चार्ल्स मॅटली नावाच्या ब्रिटिश भूवैज्ञानिकाने त्यांचे आकारावरून प्रकार पाडले. मोठे गोळे बहुतेक टायटनोसॉरचे, म्हणजे लांब शेपटीच्या, झाडपाला खाणाऱ्या अवाढव्य डायनासोरचे, कारण त्यांचीच हाडं आजूबाजूला सगळ्यात जास्त. आणि पुढचं जे ऐकलं त्यानंतर मी त्या गोळ्याकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागले.

गवताचं पान ओढताना हात चिरतो ना, त्याचं कारण पानात सिलिकाचे, म्हणजे काचेच्या जातीचे बारीक कण असतात. झाड कुजतं, हे कण कुजत नाहीत. पोटातून जातात, शेणात उतरतात, दगडात राहतात. आणि प्रत्येक कुळातल्या वनस्पतीच्या कणांचा आकार वेगळा असतो, कुठं डंबेलसारखा, कुठं खोगिरासारखा. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि सोबतच्या संशोधकांनी पिसदुऱ्याचे हे गोळे घेतले, कण वेगळे काढले, मायक्रोस्कोपखाली बघितले, आणि त्यात गवत निघालं. एक नाही, निदान पाच वेगवेगळ्या गटांतलं. 2005 मधे "सायन्स" मासिकात आलं ते. तोपर्यंत समज असा होता की गवताची खरी भरभराट डायनासोर गेल्यावरची, त्यामुळे चित्रकार डायनासोरच्या पायाखाली हिरवळ काढायचे तर शास्त्रज्ञ ती खोडायला लावायचे. आणि पुराव्याचा दगड कुठला, तर वरोरा तालुक्यातल्या कुणाच्यातरी धुऱ्यावरचा. 2011 मधे पुन्हा एक पेपर आला, त्यात या गवतांत भाताच्या कुळातलं गवत असल्याचं दाखवलं. अर्थात टायटनोसॉर काही गायीसारखे चरत नव्हते, पोटात बाकी झाडपालाच जास्त होता, सूचिपर्णी, पाम वगैरे, गवत हे मधेच तोंडी लावायला.

हे सगळं ऐकत असताना वावराचे मालक आले. पन्नाशीचे असतील, डोक्याला दुपट्टा. काल परवानगी सरांनी घेतली होती, पण काल त्यांच्या भावाची घेतली होती, हे आज कळलं.

"काय पाहून राह्यले जी? सोनं हाय काय?"

सर म्हणाले, नाही हो, शेण.

"शेन? गोट्याचं शेन?"

मग सरांनी बसून सगळं सांगितलं, आणि मला खरंच आवडलं ते असं की त्यांनी एक शब्द सोपा करायचा म्हणून पोरकट केला नाही. काकांनी गोळा हातात घेतला, वजन केलं, वास घेतला (मी निदान तेवढं तरी केलं नव्हतं). मग म्हणाले, "गवत खाल्लेलं शेन असंच फुटते पाहा, धागे धागे दिसते. मांस खानाऱ्याचं असं नाही रायत." सरांनी वहीत लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं.

मग मुद्द्यावर आले. हे सापडलं म्हणून सरकार वावर तर नाही नेणार? हा प्रश्न प्रत्येक गावात येतो म्हणे आणि त्याचं ठाम उत्तर कुणाकडेच नसतं. जीवाश्म असलेल्या जागा जपायच्या कायद्याचा मसुदा 2022 मधे आला होता, त्यावर भरपूर वादही झाले. सरांनी आश्वासन काही दिलं नाही, एवढंच म्हणाले की आम्ही पिकात पाय ठेवणार नाही आणि काय उचललं ते जाताना दाखवू. काकांनी विचार केला आणि चहा पाजला.

रात्री ताटात भात आला तेव्हा तिघी एकमेकींकडे बघून हसायला लागलो. वेटरला वाटलं भातात काही निघालं.

दिवस तिसरा

आज डोंगरगाव. जवळच आहे, पण इथं निदान टेकडी तरी आहे. 1984 ते 86 मधे कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या लोकांनी इथून एक टायटनोसॉर काढला, मणके, बरगड्या, खांदा, पुढच्या पायाचं हाड, असं बरंच काही एकाच प्राण्याचं. सोहन लाल जैन आणि सस्वती बंद्योपाध्याय यांनी 1997 मधे त्याचं वर्णन छापलं, आणि 2003 मधे त्याला नवं नाव मिळालं, आयसिसॉरस. त्यातलं आयसि म्हणजे त्या संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं, आय-एस-आय. स्टॅटिस्टिक्सच्या संस्थेत डायनासोर कसे, हा प्रश्न मलाही पडला, तर संस्थेचे संस्थापक महालनोबिस यांनी तिथं भूविज्ञानाचा विभाग सुरू केला होता. आयसिसॉरस दिसायला जरा विचित्रच, जातभाईंच्या मानाने मान आखूड आणि जाड, पुढचे पाय लांब, म्हणजे पुढून उंच मागून उतरता. भाच्याला व्हॉट्सअॅपवर चित्र पाठवलं, उत्तर आलं "हा तरस आहे का".

इथं आम्हाला एक हाड मिळालं. "आम्हाला" म्हणजे त्या दोघींपैकी एकीला. ओघळीच्या काठात, हातभर लांबीचा तुकडा, दोन्ही टोकं तुटलेली, सर म्हणाले बरगडी असावी, टायटनोसॉरची, यापेक्षा जास्त आत्ता बोलायचं नाही. आणि इथं पहिल्यांदा कुदळ निघाली. तीही हाडापासून दोन फूट लांब. हाडाभोवती चर खणायचा, हाड मातीच्या ओट्यावर ठेवायचं, जवळ आलं की छिन्नी, मग दाभण, मग टूथब्रश. भेग दिसली की पातळ केलेलं डिंकासारखं द्रावण थेंब थेंब सोडायचं. हाड दगड झालंय म्हणून मजबूत असेल असं वाटतं, पण मातीतून सुटलं की मारी बिस्किटासारखं तुकडे होतं. मी तीन तासांत पुस्तकाएवढी जागा साफ केली असेल. पाठ गेली. पण खरं सांगते, ऑफिसात तीन तास एका गोष्टीकडे बघायची वेळ मला शेवटची कधी आली होती आठवत नाही.

आणि मग टॉयलेट पेपर! ओला करून हाडावर थरावर थर चिकटवायचा, म्हणजे वरचं प्लास्टर हाडाला धरणार नाही. त्यावर बारदानाच्या पट्ट्या प्लास्टर ऑफ पॅरिसमधे बुडवून गुंडाळायच्या, हात मोडल्यावर घालतात तसं. सुकलं की खालून कापून एका झटक्यात उलटं करायचं, आणि दुसरी बाजू बंद करायची. त्याला जॅकेट म्हणतात.

प्लास्टर कालवायचं काम माझ्याकडे. मी पूर्ण पिशवी एकदम घमेल्यात ओतली, पाणी घातलं, आणि पट्ट्या कापायला बसले. दहा मिनिटांनी घमेलं उचललं तर आत एक पांढरा दगड. घमेल्यासकट. सर बघत राहिले. मग म्हणाले, "हा मात्र आपल्याकडचा सगळ्यात चांगला टिकलेला नमुना." ड्रायव्हरदादा वरोऱ्याला जाऊन दुसरी पिशवी घेऊन आले, हार्डवेअरवाल्याने विचारलं म्हणे कुठं पीओपीचं काम काढलंय, दादा म्हणाले "हाडाचं".

जॅकेट उलटं करायच्या क्षणी कुणी श्वास घेतला नाही. उलटलं. माती खाली राहिली, हाड आत राहिलं. सर पहिल्यांदा मोठ्याने हसले आणि खिशातून सगळ्यांना एकेक संत्र्याची गोळी दिली.

दिवस चौथा

चाळण दिवस. पोत्यांत आणलेली माती भिजवायची, बारीक जाळीच्या चाळणीत धुवायची, उरलेला चाळ सुकवून भिंगाखाली चिमट्याने निवडायचा, तांदळातले खडे निवडतात तसं, फक्त इथं खडे ठेवायचे. माशांचे खवले, टाचणीच्या डोक्याएवढे दात, गोगलगायी. डोंगरगावचे मासे तर 1908 पासून ठाऊक आहेत. आम्ही शहाणपणा करून हे लॉजच्या बाथरूममधे केलं आणि गटार तुंबलं. मालकांनी जे ऐकवलं ते बरोबरच होतं, त्यामुळे इथं लिहीत नाही. दुपारपासून हातपंपावर.

दिवस पाचवा

सकाळी पॅकिंग. प्रत्येक तुकड्याला नंबर, तारीख, जीपीएस, कोणत्या थरातला, कुणाला मिळाला, आणि हे वहीतही, चिठ्ठीवरही. मी कंटाळून एका पुडीवर नुसतं "हाड" लिहिलं तर सरांनी परत काढायला लावलं आणि एक गोष्ट सांगितली. ठगांचा बंदोबस्त करणारा स्लीमन, तो जबलपूरला कॅप्टन असताना 1828 मधे त्याला बडा सिमला टेकडीजवळ काही हाडं मिळाली. तेव्हा डायनासोर हा शब्दच नव्हता, तो 1842 चा. हाडं या हातातून त्या हातात गेली, 1877 मधे लायडेकर नावाच्या इंग्रज जीवाश्मतज्ज्ञाने त्यांना टायटनोसॉरस इंडिकस नाव दिलं, भारतातला नाव मिळालेला पहिला डायनासोर, आणि मग मूळ मणके हरवले. जगभरचे टायटनोसॉर ज्याच्या नावाने ओळखतात तो नमुनाच गायब. शेवटी 2012 मधे भूवैज्ञानिक धनंजय मोहबे आणि सहकाऱ्यांना त्यातला एक मणका कोलकात्यात, जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या संग्रहात सापडला. म्हणजे जमिनीतून निघालेला मणका पुन्हा कपाटातून खोदून काढावा लागला. मी "हाड" खोडलं आणि सात ओळी लिहिल्या.

निघताना पिसदुऱ्याला कबूल केल्याप्रमाणे काकांच्या घरी गेलो, काय काय उचललं ते ओट्यावर मांडून दाखवलं. त्यांची आई आतून आली, नव्वदीच्या तरी असतील, सगळ्या गोळ्यांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हे तं आमच्या इथं बी हाय."

दाराला टेका होता. मोठ्या कवठाएवढा, इतकी वर्षं पाय लागून एका बाजूने गुळगुळीत झालेला. सर गुडघ्यावर बसले, भिंग काढलं, बराच वेळ बघत राहिले. पाच दिवसांत आम्हाला मिळालेल्या सगळ्या शेणात हे सगळ्यात देखणं होतं. मागच्या पिढीत कुणीतरी वावरातून आणलेलं, कोणत्या ते आठवत नाही.

"आजी, हे आम्ही नेलं तर चालेल? दुसरा गोटा आणून देतो."

आजी म्हणाल्या, "न्या नं. पन दुसरा असा बसत नाही. मंग दार आपटते, अन हा लेकरू झोपलेला रायते." आत झोळीत खरंच बाळ झोपलं होतं.

सरांनी टेप लावून माप घेतलं, चारी बाजूंनी फोटो काढले, तो परत दाराला लावला, नीट बसला का ते ढकलून बघितलं, आणि वहीत पुढचा नंबर टाकून लिहिलं: कोप्रोलाइट, मोठा, पूर्ण, मूळ थर अज्ञात, सध्या वापरात.